लिननच्या कुर्त्याला शिवणीशी जाळी का पडते, आणि पुढचं कापड बेतण्याआधी काय करावं

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करून मांडते. तुम्ही निपाणीला राहता, सुती कपडे बरीच वर्षं घरीच शिवता. बेळगावच्या खडे बाजारातून लिनन आणलंत, अंगाला छान बसणाऱ्या एका तयार कुर्त्यावरून माप काढलंत आणि कुर्ता शिवलात. पहिल्याच धुण्यात तो आखडला. नंतर घालून हात पुढे केला की पाठीमागे मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, शिवणीच्या कडेला धागे पांगून जाळी पडायला लागली. टीप मात्र शाबूत आहे. तुम्ही विचारलंय की सुई कितीची लावू, दोरा कुठला घेऊ, टीप किती बारीक ठेवू. आणि शेवटी लिहिलंय की मिस्टरांच्या शर्टासाठी आणलेलं सव्वादोन मीटर लिनन कपाटात पडून आहे, त्याला कात्री लावायची भीती वाटते.

सुई-दोऱ्याचं पुढे सांगतेच. पण तुम्ही सुई बदलली असती, दोरा महागाचा घेतला असता, तरी हा कुर्ता तिथेच गेला असता. बिघाड मशीनवर झालेला नाही, माप घेताना झालाय. मी बेळगावच्या वडगावात शिवणाचे वर्ग घेते. सुती कापडावर ज्यांचा हात बसलेला असतो अशा बायकांकडूनच पहिलं लिनन असं बिघडलेलं मी पुष्कळदा पाहते, कारण सुती कापड आपल्या मापातल्या लहानसहान चुका पोटात घालतं. लिनन घालत नाही.

कपडा शिवणीपाशी गेला की आधी तो कसा गेला ते बघायचं. दोरा तुटून शिवण उघडली असेल तर दोरा कच्चा आहे किंवा टीप लांब पडलीय. कापडच फाटलं असेल, म्हणजे सुईच्या भोकांच्या ओळीवरून चिरत गेलं असेल, तर टीप फार बारीक मारलीय किंवा सुई बोथट होती. आणि टीप जागेवर, कापडही न फाटलेलं, पण टिपेच्या बाजूचे धागे सरकून मध्ये विरळ पट्टी दिसत असेल, तर त्या जागी कपडा अंगाला कमी पडतोय. तुमचं वर्णन तिसऱ्या प्रकाराचं आहे. लिनन जवसाच्या खोडातल्या तंतूपासून होतं, आणि हा तंतू गुळगुळीत आणि ताठ. त्याचे धागे एकमेकांना सुतासारखे धरून राहत नाहीत, ताण आला की टिपेला सोबत घेऊन बाजूला सरकतात. विणकर शेजारी असल्याचा एक फायदा मला झालाय. आमच्याकडे शहापूर, वडगाव, खासबाग या भागात माग चालतात, त्यामुळे मागाच्या फणीत धागे विरळ भरले की कापड कसं सरकतं हे डोळ्यांनी बघायला मिळतं. हवेशीर म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं लिनन मुळात विरळ विणीचं असतं, ते आणखी लवकर सरकतं.

आता मापाचं. तुम्ही ज्या तयार कुर्त्यावरून माप काढलंत, त्याच्या आतल्या पट्टीवर बघा, बहुतेक सुतासोबत एक-दोन टक्के लायक्रा लिहिलेला सापडेल. तो कुर्ता तुम्ही हात वर केला की ताणतो आणि खाली आणला की परत येतो. साधं सुती कापडसुद्धा थोडं ताणतं. लिननचा तंतू मात्र साधारण २ ते ३ टक्के ताणला की तुटायलाच येतो. म्हणजे पाठीची रुंदी १५ इंच असेल तर त्यातून अर्धा इंचसुद्धा हक्काने मिळत नाही. आणि आपण भाकरी थापायला, कपडे वाळत घालायला, गाडीचं हँडल धरायला हात पुढे नेतो तेव्हा पाठ सहज एक-दीड इंच जास्त मागते. ती जागा कापडातून मिळणार नसेल तर बेतातच सोडावी लागते. लिनन शिवण्याचं निम्मं कौशल्य इथेच आहे.

किती सोडायची? इथे शरीर, वीण आणि घालण्याची सवय, तिन्हीवर अवलंबून आहे, त्यामुळे मी देते ते आकडे सुरुवातीचे समजा. अंगाच्या छातीच्या मापावर सुती कुर्त्याला आपण तीनेक इंच सूट देतो. लिननला मी ५ ते ६ इंच देते. सीटवर, म्हणजे नितंबांच्या घेरावर, ५ इंच. दंडाच्या घेरावर ३ ते ४ इंच, कारण अरुंद बाही पाठीला ओढते आणि जाळी पाठीवर पडते, म्हणून माणूस पाठच दुरुस्त करत बसतो. पाठीच्या रुंदीला १ ते दीड इंच जादा, तेही सरळ वाढवून खांदे उतरवण्यापेक्षा खांद्याच्या मागच्या पट्टीखाली मधोमध चपटी प्लेट घालून किंवा दोन बाजूंना थोड्या चुण्या घालून. प्लेट बंद असते तेव्हा दिसायला नेटकी, हात पुढे गेला की उघडते.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज आहे, तो या निमित्ताने सांगते. ढिलं हवं म्हणून बायका मुंढा खोल करतात. खोल मुंढ्याने हात मोकळा होत नाही, उलट हात उचलला की सगळा कुर्ता वर येतो आणि ताण शिवणीवर बसतो. मुंढा बगलेजवळ, वरच ठेवा. बाहीची टोपी, म्हणजे वरचा गोल, कमी उंच आणि जास्त रुंद ठेवा. खांद्याखाली एखादी चुणी दिसेल, ती दिसू द्या. लिननवर ती शोभते.

आपल्याकडच्या जुन्या कपड्यांचा बेत यासाठी बघण्यासारखा आहे. चिकोडी-अथणीकडे अजून म्हातारी माणसं पैरण किंवा बंडी घालतात. त्यात गोलाई फार नसते, सरळ पट्ट्या, बाजूला कळ्या आणि बगलेत एक चौकोनी तुकडा. तो चौकोन तिरपा बसतो. कापड उभ्या-आडव्या धाग्यात ताणत नसलं तरी तिरपं ताणतं, त्यामुळे हात उचलला की ताण त्या चौकोनात जिरतो, शिवणीवर येत नाही. ज्यांनी हा बेत बसवला त्यांच्या हातात न ताणणारं जाडंभरडं हातमागाचं कापड होतं. लिननच्या पहिल्या कुर्त्यासाठी मी माझ्या विद्यार्थिनींना हाच बेत देते. बगलेत ३ ते ४ इंचांचा चौकोन. नवशिकीला तो शिवायला जरा किचकट वाटतो, पण एकदा बसला की पाठीची तक्रार उरत नाही.

तुमचा बिघडलेला कुर्ता टाकून देऊ नका. बाजूच्या शिवणी आणि बाहीची खालची शिवण बगलेपर्यंत उसवा. सरकलेले धागे कापड ओलसर असताना बोथट सुईने हलकेच मूळ जागी ढकला आणि वाफेची इस्त्री दाबून ठेवा, बरेचसे परत बसतात. त्या जागी आतून मलमलची इंचभर रुंद पट्टी कच्च्या टाक्याने धरा आणि जुन्या टिपेच्या पाव इंच आत नवी टीप मारा. मग दोन्ही बाजूंना बाहीच्या टोकापासून कटापर्यंत अखंड जाणारी दोन इंची पट्टी लावा. त्याच कापडाचं कातरण उरलं असेल तर उत्तम. नसेल तर गुळेदगुड्डच्या खणाची पट्टी लावा, आपल्या बाजारात सहज मिळते आणि लिननच्या एकरंगी कापडाला खुलते. खण मात्र आधी धुऊन, रंग जातो का ते बघून.

आता कपाटातलं कापड. त्याला कात्री लावण्याआधी त्याचा पन्हा मोजा. बरंचसं गिरणीचं लिनन ५८ इंच पन्ह्याचं असतं, हातमागाचं बहुतेक वेळा ४४ ते ४८. ५८ असेल तर सव्वादोन मीटरमध्ये लांब बाहीचा शर्ट आटल्यानंतरही आरामात निघेल. ४४ असेल तर उंच माणसाला लांब बाही बसवताना ओढाताण होईल, तेव्हा अर्ध्या बाहीचा विचार आधीच करून ठेवा. तुमच्यासाठी पुढे कुर्ता घेताना हिशोब असा: ५८ पन्ह्यात पुढची आणि मागची बाजू शेजारी-शेजारी बसते. सीट ४२ असेल तर सूट धरून ४७, कटांना आणि शिवणींना मिळून आणखी ६ इंच, म्हणजे ५३. धुऊन पन्हा ५५-५६ झाला तरी बसतं. उंची ४२ इंच, दुमड धरून ४५, आणि बाह्यांसाठी २० इंच. मिळून सुमारे १ मीटर ६५ सेंटीमीटर. आटणं आणि कापड चौकात आणणं, म्हणजे उभे-आडवे धागे काटकोनात आणून टोक सरळ कापणं, धरून मी दोन मीटर सांगते. घेर मोठा किंवा उंची पायघोळ असेल तर अर्थातच जास्त.

मग धुणं. हे टाळू नका, दुकानदाराने आटवलेलं आहे असं सांगितलं तरी टाळू नका. लिनन पहिल्या धुण्यात सहज ४-५ टक्के आटतं, काही कापडं त्याहून जास्त. ४२ इंचाच्या कुर्त्यात दोन इंच गेले की तो वेगळाच कपडा होतो. तुमच्या कुर्त्याचं तेच झालं. आधी कापडाच्या दोन्ही कापलेल्या टोकांना इंटरलॉक मारून घ्या, नाहीतर बादलीतून दोऱ्यांचा गुंता बाहेर येतो. एका कोपऱ्यावर पांढरं ओलं फडकं चोळून रंग उतरतो का बघा. कोमट पाण्यात साधी साबण पावडर घालून कापड सैल सोडा, दोन-तीन तास भिजू द्या, हलक्या हाताने खळबळा, भरपूर पाण्यातून काढा. पिळू नका. पीळ पडलेल्या लिननच्या सुरकुत्या काढता काढता हात दुखून येतात. बरेच जण रंग पक्का व्हावा म्हणून मीठ घालायला सांगतात. रंगवून आलेल्या कापडाचा रंग मिठाने बांधला जात नाही, तेव्हा त्यावर भरवसा ठेवू नका. रंग सुटणारं असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुणं हाच उपाय. पुढे कपडा ज्या पद्धतीने धुणार असाल तसंच आता धुवा. मशीनमध्ये टाकणार असाल तर आत्ताही मशीनमध्येच टाका. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचं खळबळणं पिण्याच्या किंवा पावसाच्या पाण्यात करा. जड पाण्यात साबण तंतूत अडकतो आणि कापड खरखरीत लागतं, मग लोक लिननला नावं ठेवतात.

सावलीत वाळवा आणि पुरतं कोरडं होण्याआधी, हाताला दमट लागत असतानाच इस्त्री करा. इस्त्रीच्या चकतीवर सगळ्यात गरम खूण लिननची असते, ती घाबरून कमी करू नका. गडद रंगाला उलट्या बाजूने करा, सरळ बाजूने केली की चकाकी येते.

धुतल्यावर कापड चौकात आहे का ते बघायचं. दुकानात कात्रीने कापलेलं टोक जवळजवळ कधीच आडव्या धाग्यात नसतं. काठापासून एक आडवा धागा टाचणीने उचला आणि हळूहळू ओढा. लिननचा धागा जाडसर असल्याने तो छान निघत जातो आणि कापडात एक रेघ पडते. त्या रेघेवर कापा. आता कापड काठाला काठ जुळवून दुमडा. टोकं जुळली नाहीत तर कापड तिरकं आहे. दोन जणींनी समोरासमोरचे कोपरे धरून, दमट असताना, आखूड पडणाऱ्या बाजूला तिरपं ओढायचं. इतकं करूनही दोन इंचांपेक्षा जास्त फरक राहत असेल तर मी ते कापड शर्टाला वापरत नाही. पिशवी, उशीची खोळ, टेबलावरचं कापड होतं त्याचं. तिरक्या कापडाचा शर्ट चार धुण्यांत अंगाभोवती फिरतो आणि बटणांची पट्टी पोटाच्या एका बाजूला जाते.

आधी मांजरपाटाचा शर्ट बेतून बघा असा माझा आग्रह असतो. मांजरपाट स्वस्त, धुतलेलं, साधारण त्याच जाडीचं घ्या. बाह्या लावून, घालून, दोन्ही हात पुढे करून बसायचं, उभं राहायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायचा. पाठीवर जिथे आडव्या ओढलेल्या रेघा दिसतील तिथे लिननची जाळी पडणार हे नक्की समजा. मिस्टरांच्या शर्टाला छाती ४० असेल तर तयार शर्ट ४६ ठेवा. बाहीची लांबी अर्धा इंच जास्त घ्या, कारण कोपरात चुण्या पडल्या की लिननची बाही वर सरकते आणि त्या चुण्या दिवसभर तशाच राहतात. तुम्ही मांजरपाट नको म्हणालात तर समजू शकते, वेळ जातो, पण पहिल्या शर्टाला तरी करा की.

इथवरचं थोडक्यात: कापड धुऊन, इस्त्री करून, चौकात आणायचं. माप अंगाचं घ्यायचं, ताणणाऱ्या कपड्याचं घ्यायचं नाही. छाती, दंड आणि पाठ यांना सुतापेक्षा जास्त जागा सोडायची. एवढं झालं की मशीनवरचं काम खरोखर सोपं आहे.

बेतताना गळ्याची काळजी घ्या. उभ्या-आडव्या धाग्यात लिनन हट्टी, पण तिरप्यात ते पटकन लोंबतं. गळा आणि मुंढा कापला की उचलून घडी घालण्याआधीच, कडेपासून एक-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत, लांब टीप मारून घ्या. मी मुलींना सांगते, गळा कापून चहाला उठू नका, टीप मारून उठा. उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यात कापलेल्या, कापडाचा घेरदार कुर्ता असेल तर तो एक रात्र हँगरवर लटकत ठेवून मगच खालची दुमड घाला. घेर लोंबून एका बाजूला खाली आलेला असतो, तो सरळ कापून घ्यावा लागतो. कापडातल्या जाड गाठाळ धाग्यांकडेही लक्ष ठेवा. ते लिननचं सौंदर्य आहे, पण कॉलरच्या टोकात किंवा काजाच्या जागी जाड धागा आला तर दुमड नीट बसत नाही. तुकडा थोडा सरकवून बेतला की झालं.

सुई. शर्टाच्या पातळ लिननला ११ किंवा १४ नंबर, पँटच्या जाड कापडाला १६. नंबरापेक्षा ती नवी असणं महत्त्वाचं. बोथट सुई जवसाचा धागा बाजूला न सारता त्याला टोचत, ओढत जाते आणि टिपेच्या शेजारी आडवी खेच दिसते. दोरा साधा, चांगल्या रिळाचा पॉलिस्टर चालतो. टीप इंचाला १० ते १२ टाके. याहून बारीक केलीत तर भोकं जवळजवळ पडून कापड चिरायची वाट मोकळी होते, याहून लांब केलीत तर धागे सरकायला जागा मिळते. कातरणाच्या दोन थरांवर टीप मारून, इस्त्री करून बघा. शिवण चुणली तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा. पायाच्या मशीनवर हे सगळं उत्तम होतं, त्यासाठी नवी मशीन घ्यायची गरज नाही.

शिवणीला माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, जास्त सोडा. सुताला आपण अर्धा इंच ठेवतो, इथे पाऊण इंच. बाजूच्या आणि बाहीच्या शिवणी जीन्सला असते तशा दुमडून दुहेरी टिपेच्या करा. एका बाजूची माया अर्धी कापायची, दुसरी तिच्यावर गुंडाळून वरून टीप मारायची. धागे निसटायला कडच उरत नाही आणि ताण दोन टिपांत वाटला जातो. पातळ कुर्त्याला फ्रेंच शिलाई, म्हणजे कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण, छान दिसते, पण मागच्या मुंढ्याला मी ती करत नाही, गोलाईत जाड होते. तिथे साधी शिवण, इंटरलॉक आणि आत काठाची पट्टी. ही पट्टी म्हणजे धुतलेल्या कापडाचा काठ, पाव इंच रुंद कापून घेतलेला. खांद्याच्या आणि मागच्या मुंढ्याच्या शिवणीत तो टिपेखाली धरून शिवायचा. काठ घट्ट विणलेला असतो, तो धाग्यांना सरकू देत नाही. बहुतेक जणी काठ कापून टाकतात. तो जपून ठेवा.

कॉलर आणि गळ्याला जाड बकरम घालू नका. शर्टाच्या कॉलरला पातळ कॅनव्हास, तोही आधी भिजवून आटवलेला. चिकटवायचा असेल तर कापड आधी धुतलेलं असणं फार गरजेचं, नाहीतर पहिल्या धुण्यात लिनन आटतं, आतलं आटत नाही आणि कॉलरवर फोड येतात. कुर्त्याच्या गळ्याला त्याच कापडाची किंवा मलमलची पट्टी पुरते. काजासाठी कातरणावर एक काज करून बघा. मशीनचा काज विरळ वाटला तर कडेने हाताने भरून घ्या. प्रत्येक शिवण दुसरी शिवण ओलांडण्याआधी इस्त्रीने बसवायची, हे लिननला सुतापेक्षा दुप्पट लागू आहे. न दाबलेली शिवण पुढे कितीही इस्त्री केली तरी फुगलेलीच राहते.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढच्या वेळी ६० चं घ्यावं की ४० चं, आणि दुकानात खरं लिनन कसं ओळखावं. हा नंबर लीचा असतो. १ पौंड सुताची लांबी ३०० यार्डांच्या किती पट भरते ते तो सांगतो. म्हणून नंबर मोठा तसा धागा बारीक. पण सुताच्या ६० काउंटशी त्याची तुलना करू नका. सुताचा काउंट ८४० यार्डांवर मोजतात, त्या हिशोबाने ६० ली म्हणजे सुताचा साधारण २१ काउंट. लिनन जाडसर वाटतं म्हणून दुकानदार फसवतोय असं नाही, ते तसंच असतं. शर्टाला आणि कुर्त्याला ६० ली, जरा दणकट कुर्ता किंवा पँटला ४० किंवा २५. पहिल्यांदा शिवणाऱ्याला मी ४० सांगते. जरा जड पडतं, पण कापताना सरकत नाही. नंबर कुठलाही असो, कापड उजेडासमोर धरून बघा. धाग्यांमध्ये मोठ्या फटी दिसल्या आणि दोन अंगठ्यांनी आडवं ढकलल्यावर धागे पांगून तसेच राहिले, तर ते अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याला घेऊ नका. ओढणीला घ्या.

ओळखायचं म्हणाल तर, नुसत्या गाठाळ दिसण्यावर जाऊ नका. गाठाळ सूत, पॉलिस्टर मिसळलेलं, व्हिस्कोस, सगळं लिननसारखं दिसणारं मिळतं. कडेचा एक धागा मागून घ्या. जाळला की पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. लिनन आणि सूत दोन्ही कागदासारखी जळतात, मऊ राख होते, त्यामुळे जाळून त्या दोघांतला फरक कळणार नाही. त्यासाठी धाग्याचा पीळ सोडून ओढून तोडा. सुताचं टोक पिंजलेल्या झुपक्यासारखं दिसतं, लिननचे तंतू लांब, सरळ, टोकदार राहतात. आणि धागा मध्यावर ओला करून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर पडतं आणि तिथेच तुटतं. लिनन ओलं असताना जास्त मजबूत होतं. चांगला दुकानदार धागा द्यायला नाही म्हणत नाही.

भाव जास्त का, असंही तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे रब्बीला जवस घेतात ते बियांसाठी, तेलासाठी आणि चटणीसाठी. ते बुटकं आणि फांद्यांचं असतं. धाग्याचं जवस उंच, सरळ, वरतीच फांद्या फुटणारं, आणि त्याला थंड दमट हवा लागते. उत्तर फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स हा त्याचा पट्टा. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, शेतातच दवात आठवडे पसरून कुजवतात, मग खोडापासून तंतू सोडवतात. पश्चिम बंगालमध्ये रिश्र्याला लिननची मोठी गिरणी आहे, तिलाही हा तंतू परदेशातून आणावा लागतो. म्हणून खरं लिनन फार स्वस्तात मिळतंय असं दिसलं तर धागा तपासल्याशिवाय घेऊ नका.

शिवून झाल्यावरचं थोडं. लिनन सुतापेक्षा जास्त ओल धरतं आणि तरी अंगाला चिकटत नाही, म्हणून अथणीच्या उन्हाळ्यात ते सुख देतं. खानापूरच्या पावसाळ्यात हीच ओल जपावी लागते. पावसाळ्याआधी कपडे ठेवून देणार असाल तर खळ किंवा स्टार्च घालू नका, त्यावर बुरशी लवकर धरते आणि कसरही लागते. पुरते वाळवून, सैल गुंडाळून किंवा हँगरवर ठेवा. आणि एकाच घडीवर दर वेळी कडक इस्त्री करू नका, बाहीवर तर नकोच. त्या रेघेवरचे तंतू वाकून वाकून तुटतात आणि काही वर्षांनी कपडा बाकी सगळा धडधाकट असताना बरोबर त्या रेघेवर विरतो. बाही गोल ठेवून इस्त्री करायला एक छोटी उशी शिवून घ्या. आत लिननचंच कातरण ठासून भरा, कापसापेक्षा ते इस्त्रीची उष्णता चांगली सोसतं.